घरचे मांजर आजारी पडते तेव्हा

आमची मिन्नो बारा वर्षांची होती. रमजानमध्ये सहरीला उठलो की ती पाण्याच्या वाटीपाशी बसलेली दिसायची. उन्हाळा लागलाय, पीत असेल, असे आम्ही म्हणायचो. मग एके दिवशी जानमाजवर लघवी केलेली सापडली. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. अम्मी रागावल्या. आम्हीही तिच्यावर ओरडलो आणि दोन रात्री तिला गॅलरीत ठेवले. ते आठवले की आजही वाईट वाटते. ती खोडी करत नव्हती, तिची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती.

म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो. मूत्रपिंडांचे निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. लघवी घट्ट करण्याची ताकद आधी जाते. शरीरातले पाणी वाहून जाते, म्हणून तहान वाढते. मांजर पाणी भरपूर पिते म्हणजे तब्येत ठणठणीत, असे आपण समजतो. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत तीच धोक्याची खूण असते. पुढे वजन घटते, अंगावरचे केस विस्कटलेले दिसतात, तोंडाला वास येतो, उलट्या होतात.

गावातले पशुवैद्यक बहुतेक गाई-शेळ्या तपासणारे. त्यांनीच आम्हाला रक्त तपासायला शहरात पाठवले. निरोगी मांजराचे क्रिएटिनिन साधारण १.६ च्या खाली असते, मिन्नोचे ४.१ निघाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "हे बरे होणार नाही. पण सांभाळता येईल." घरी येताना रिक्षात कुणी काही बोलले नाही.

सांभाळायचे म्हणजे काय, ते हळूहळू कळत गेले. एक दिवसाआड त्वचेखाली १०० मिली सलाईन द्यायचे होते. डॉक्टरांनी दोनदा करून दाखवले. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि सुई त्या पोकळीत घालायची. पहिल्या दिवशी आमचे हात इतके थरथरत होते की अर्धे सलाईन चादरीवर गेले. नंतर युक्ती सापडली. बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि मुलाने तिच्या कपाळावरून हात फिरवत राहायचे. सलाईन गेले की पाठीवर उंटासारखे मदार यायचे आणि काही तासांत जिरून जायचे. शेजारची मुले खास ते मदार बघायला येत.

खाण्याचे जास्त अवघड होते. ताटातले मसाल्याचे मटण बंद, मीठ बंद. किडनीच्या मांजरांचे वेगळे खाद्य मिळते, पण ते महाग, आणि बाईसाहेब त्याला तोंड लावायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहण्यापेक्षा दुसरे काही खाल्लेले बरे, कारण दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर मांजराचे यकृतही बिघडते. मग बिनमिठाची उकडलेली कोंबडी कोमट करून हातानेच भरवायचो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी. मिन्नोचे अंग गरम लागले तेव्हा एका पाहुण्यांनी प्रेमाने सुचवले, "लहान मुलाला देतो तेवढी पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या." पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते निकामी करण्याची शक्ती तिच्या यकृतात नसते. तिचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि एका गोळीनेही जीव जातो. माणसाचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांजराला कधीही देऊ नये.

घरात पाकीचा प्रश्न होताच. मांजर नापाक नाही, ती तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, अशा अर्थाची हदीस अम्मींनीच आम्हाला लहानपणी सांगितली होती. पण लघवीची गोष्ट वेगळी, ती धुवावीच लागते. आम्ही जानमाज कपाटात ठेवू लागलो आणि वाळूचा ट्रे तिच्या झोपण्याच्या जागेजवळ आणला. कड उंच होती, तिला चढवत नव्हते, म्हणून एका बाजूने कापून टाकली. भांडणाचे निम्मे कारण तिथेच संपले.

असे अकरा महिने गेले. मग तिने हातातून खाणे सोडले. सुई पाहिली की पलंगाखाली जाऊन बसायची. मुलाचे म्हणणे, सलाईन चालू ठेवू. अब्बा म्हणाले, "तिच्यासाठी करतोय की आपल्यासाठी?" डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वेदना संपवण्याचा पर्यायही सांगितला. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. यावर आलिमांत मतभेद आहेत, हे त्यांनी सांगितले आणि कुठल्याच बाजूने जोर दिला नाही. आम्ही ते इंजेक्शन दिले नाही, पण सुईही थांबवली. मळमळीचे औषध तेवढे चालू ठेवले. मुलगा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आपली जुनी शाल आणून त्याने तिच्याखाली अंथरली.

चौथ्या दिवशी फजरच्या सुमारास ती गेली. परसातल्या शेवग्याखाली खोल खड्डा करून तिला पुरले. सलाईनच्या तीन बाटल्या उरल्या होत्या, त्या डॉक्टरांकडे नेऊन दिल्या. त्याच दिवशी त्यांच्याकडे एक बाई म्हातारा बोका घेऊन आल्या होत्या. त्यांना सुई कशी धरायची ते मुलाने दाखवले.