रुग्णालयांतील वृद्ध आणि चित्तभ्रम

माझे एक ऐंशी वर्षांचे स्नेही मांडीचें हाड मोडल्यामुळें रुग्णालयांत होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु तिसऱ्या रात्रीं ते पोटच्या मुलाला ओळखीनात, भिंतीवर माणसें दिसतात म्हणूं लागले आणि हाताची सुई उपटूं लागले. ‘म्हाताऱ्याला वेड लागलें,’ म्हणून घरचीं माणसें रडकुंडीस आलीं. वस्तुतः त्यांची लघवी तुंबली होती. चष्मा व श्रवणयंत्र घरींच राहिलीं होतीं. ह्या गोष्टींचा बंदोबस्त झाल्यावर चार दिवसांत ते पूर्ववत् बोलूं लागले.

ह्या अवस्थेस डॉक्टर ‘डेलिरियम’ म्हणतात. आपण तिला चित्तभ्रम म्हणूं. हा वेडेपणा नव्हे आणि वार्धक्यांतील स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन् महिने हळूहळू वाढतो. चित्तभ्रम कांहीं तासांत वा दिवसांत उद्भवतो, कधीं ओसरतो, आणि पुष्कळदां रात्रीं बळावतो. त्याची मुख्य खूण म्हणजे अवधान न टिकणें. आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितले, तर रोगी मध्येंच भरकटतो. ही व इतर लक्षणें पाहून चित्तभ्रम ओळखण्याची एक सुटसुटीत पद्धति डॉ. शेरॉन इनोई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केली. शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही ती वापरूं शकतात.

ह्या भ्रमाचें मूळ बहुधा शरीरांत असतें: जंतुसंसर्ग, पाण्याची तूट, वेदना, मलावरोध, किंवा झोपेचीं व गुंगीचीं औषधें. म्हणून प्रथम कारण शोधावें; केवळ गुंगी आणून रोग्यास गप्प करणें हा उपचार नव्हे. आरडाओरडा करणारा रोगी सर्वांच्या नजरेस येतो. पण जो निमूट पडून राहतो, जेवत नाहीं, हांकेस उशिरां ओ देतो, त्याचेंही चित्त भ्रमलेलें असूं शकतें. ‘आजोबा आज शांत आहेत,’ असें म्हणून आपण निश्चिंत होतों, आणि तेथेंच चूक होते. खिन्नतेच्या विकारांतही रोगी असाच दिसतो. यास्तव शंका येतांच डॉक्टरांस सांगावें व मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मागावा.

१९९९ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सत्तर व त्यांहून अधिक वयाच्या ८५२ रोग्यांचे दोन सारखे गट पाडले होते. एका गटास स्थळकाळाची आठवण देणें, चष्मा व श्रवणयंत्र वापरावयास लावणें, पाणी पाजणें, लवकर चालविणें, रात्रीं निवांत झोपूं देणें, एवढीच जादा शुश्रूषा मिळाली. त्या ४२६ पैकीं ४२ जणांस चित्तभ्रम झाला. नेहमींच्या शुश्रूषेंतील ४२६ पैकीं ६४ जणांस. मात्र भ्रम एकदां जडल्यावर त्याची तीव्रता ह्या उपायांनीं घटली नाहीं. अर्थात् काळजी आधींच घ्यावयाची.

हीं कामें आप्तांना सहज करतां येण्याजोगीं आहेत. वडील मंडळींस रुग्णालयांत नेतांना चष्मा, श्रवणयंत्र आणि नेहमींच्या औषधांची यादी बरोबर घ्यावी. उशाशीं घड्याळ ठेवावें, ओळखीच्या माणसानें जवळ बसावें. आणि ते भलतेंच बोलूं लागले, तर त्यांची थट्टा करूं नये व वादही घालूं नये. त्या वेळीं ते खरोखरच भ्यालेले असतात. हातांत हात घेऊन ‘मी येथेंच आहें’ एवढें शांतपणें सांगावें.