उलट्या शिडीपासून चुंबकाच्या रॉडपर्यंत: वाकडा कणा सरळ करण्याचा २,४०० वर्षांचा खटाटोप

बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा एक खांदा वर दिसू लागतो. ड्रेस एका बाजूला तिरका बसतो. एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात, ‘स्कोलिओसिस आहे. ब्रेस लावावा लागेल, दिवसाचे १८ तास.’ घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘त्याने खरंच फरक पडतो का?’

हाच प्रश्न वैद्यकशास्त्रालाही शेकडो वर्षं पडला होता. त्याचं भक्कम उत्तर मिळालं थेट २०१३ मध्ये.

स्कोलिओसिस म्हणजे नेमकं काय?

मागून पाहिल्यावर पाठीचा कणा सरळ दिसायला हवा. तो एका बाजूला १० अंश किंवा त्याहून जास्त वाकला असेल, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा नुसता वाकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. किशोरवयीन मुलांमध्ये हे प्रमाण साधारण २ ते ३ टक्के आहे. बहुतेकांमध्ये निश्चित कारण सापडत नाही. जड दप्तर किंवा पोक काढून बसण्याची सवय हे त्याचं कारण नाही.

सुरुवात कुठून झाली?

प्राचीन ग्रीसमध्ये रुग्णाला शिडीला बांधून, शिडी उंच उचलून खाली आपटायची पद्धत होती. कधी डोकं खाली, कधी पाय खाली. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात तिचं वर्णन आहे. मात्र तिने कुणाचा कणा सरळ झाल्याचं माहीत नाही आणि गर्दीला थक्क करण्यासाठी काही वैद्य ती वापरतात, असंही तिथेच म्हटलं आहे. त्यापेक्षा रुग्णाला बाकावर पालथं झोपवून दोन्ही टोकांनी खेचायचं आणि बाकावर दाब द्यायचा, असा सल्ला आहे.

खेचणं आणि दाबणं. पुढची जवळपास सगळी उपकरणं या दोन क्रियांवरच उभी आहेत. वाकलेली तार आठवा. बाक मोठा असेल तर टोकं खेचून ती बरीच सरळ होते. बाक थोडासाच असेल तर खेचून फार उपयोग होत नाही, बाजूने दाबावं लागतं.

लोखंड आणि प्लास्टर

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांनी लोखंडी कॉर्सेट वापरलं. वजन कमी व्हावं म्हणून त्याला भोकं असत आणि मूल वाढेल तसं ते बदलायचं. १७४१ मध्ये निकोला आंद्री यांनी ग्रीक भाषेतले ‘सरळ’ आणि ‘मूल’ हे शब्द जोडून ‘ऑर्थोपेडिक’चा मूळ शब्द घडवला. त्यांच्या पुस्तकातलं खांबाला बांधलेलं वाकडं झाड आजही अस्थिरोगशास्त्राचं बोधचिन्ह आहे.

१८७० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. लुईस सेयर रुग्णाला डोकं आणि काखेतून टांगून अंगाभोवती प्लास्टर गुंडाळत. टांगल्यावर बाक कमी होतो, पण उभं राहताच परत येतो. प्लास्टर हा तो धरून ठेवण्याचा प्रयत्न होता.

धातू शरीरात कसा गेला?

१९११ मध्ये न्यूयॉर्कमध्येच डॉ. रसेल हिब्ज यांनी मणके एकमेकांशी जुळवण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे पोलिओच्या साथींनी प्रश्न तीव्र झाला. स्नायू लुळे पडलेल्या मुलांचे कणे झपाट्याने वाकत होते आणि फुप्फुसांवर दाब येत होता. १९४० च्या दशकात हनुवटीपासून कमरेपर्यंतचा मिल्वॉकी ब्रेस आला.

ह्यूस्टनमध्ये डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी स्टीलचा रॉड थेट कण्यावर बसवला. दोन टोकांना हुक आणि मध्ये जॅकसारखी लांबवण्याची सोय. १९६२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक धडाही मिळाला: मणके जुळले नाहीत, तर वारंवार वाकून रॉड तुटतो. धातू फक्त हाड जुळेपर्यंतचा आधार असतो.

या रॉडमुळे कमरेची नैसर्गिक खोलगट वळण सपाट होई. १९८४ मध्ये फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबूसे यांनी दोन रॉड आणि अनेक हुक वापरून पिळाचाही विचार केला. आज हुकांच्या जागी बहुतांशी स्क्रू आहेत.

मग ब्रेसचं काय?

२०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ब्रेस लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ थांबेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवला गेला. ब्रेसमधल्या सेन्सरनुसार रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त वापरणाऱ्यांमध्ये यश ९० टक्क्यांवर गेलं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ब्रेसचं मुख्य काम बाक वाढू न देणं हे आहे, कणा कायमचा सरळ करणं नव्हे. आणि ब्रेस न लावताही जवळपास निम्म्या मुलांचा बाक मर्यादेत राहिला. म्हणून सरसकट सगळ्यांना ब्रेस लागत नाही. वाढ बाकी असताना साधारण २५ ते ४० अंशांच्या बाकासाठी तो सुचवला जातो. ४५-५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आता नवीन काय?

लहान मुलांचा रॉड वाढवण्यासाठी पूर्वी दर काही महिन्यांनी शस्त्रक्रिया करावी लागे. आता बाहेरून चुंबक फिरवून लांबवता येणारे रॉड आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेने कणा लवचीक ठेवणाऱ्या दोरीच्या उपकरणालाही मान्यता दिली. मात्र दोरी तुटणं, रॉडमधून धातूचे कण सुटणं अशा अडचणी आहेतच.

घरी काय पाहाल?

१८६५ मध्ये डॉ. विल्यम अ‍ॅडम्स यांनी सांगितलेली चाचणी आजही वापरात आहे. मुलाला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘कणा सरळ करतो’ म्हणून विकला जाणारा पट्टा परस्पर आणू नका. ब्रेसचा उपयोग वाढीच्या वयातच होतो आणि त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.