अळू खाल्ल्यावर घसा का खाजतो? मुतखडा असेल तर अळू खावा का?

पावसाळा लागला की कोरेगाव परिसरात मोरीपाशी, विहिरीच्या पाटाकडेला अळू माजतो. त्याच दिवसांत "डॉक्टर, घशात काटे टोचल्यासारखं होतंय" म्हणत रुग्ण दवाखान्यात येतात.

घसा का खाजतो?
अळूच्या पानात, देठात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. भाजी अर्धकच्ची राहिली की ते जिभेत व घशात टोचतात. बहुतेक वेळा ही अ‍ॅलर्जी नसते.

जुन्या रीतीत काय आहे?
कातकरी आणि ठाकर समाजातील बायका अळूच्याच कुळातले शेवळ शिजवताना त्यात काकडाची आंबट फळे घालतात. आपल्याकडे फदफद्यात चिंच असते, अळूवडीच्या पिठातही चिंच-गूळ असतो. ऋषिपंचमीच्या भाजीतही अळू असतो. मात्र चिंच घातली म्हणून शिजवणे कमी करू नका. पाने-देठ पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. चिरताना हाताला तेल लावा.

मुतखडा असेल तर?
बहुतांश मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पूर्वी असा खडा झाला असेल, तर अळू क्वचित आणि थोडाच खा. पाने उकळून ते पाणी फेकून द्या. विरघळणारे ऑक्झलेट बरेचसे त्यात निघून जाते. जेवणात दही किंवा ताक घ्या. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. म्हणून खड्याच्या भीतीने दूध-दही बंद करू नका. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. किडनी निकामी होत असलेल्या रुग्णांनी मात्र अळू आणि पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

रक्त वाढते का?
अळूत तंतू, फोलेट आणि बीटा-कॅरोटिन चांगले असते. लोह असले तरी पालेभाजीतले लोह शरीराला कमीच मिळते. गरोदर बाईने अळू खाते म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नयेत.

गटाराच्या पाण्यावरचा अळू घेऊ नका. स्वच्छ पाण्यावरचाही नीट धुऊनच वापरा.

घसा खाजल्यास
चूळ भरा, थंड दूध किंवा ताक घोट घोट प्या. मुद्दाम उलटी काढू नका. जीभ-ओठ सुजले, गिळता येईना, आवाज बसला किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठा. लहान मुलाने कच्चे पान किंवा देठ चावला असेल, तर अधिकच घाई करा.