बल्ब लागला म्हणजे वायरिंग झाले काय?

आपल्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण व चळवळ यांवरचे लेख दरवर्षी असतात. यंदा त्यांच्या शेजारी विजेच्या वायरिंगवरचा लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल. परंतु हा विषय आपल्या विहाराच्या दारातूनच आत आलेला आहे. तो कसा आला, हे आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या भीमजयंतीची गोष्ट. आम्ही तेव्हा कार्यकारिणीवर होतो. वर्गणी बेताचीच जमली होती. मांडवाच्या रोषणाईसाठी परवानाधारक ठेकेदाराने सांगितलेली रक्कम आम्हांला जड वाटली. वस्तीतलाच एक होतकरू मुलगा, लहानपणापासून रेडिओ नि पंखे खोलून बसणारा, म्हणाला, "दादा, कशाला पैसे घालवता? मी करून देतो की." आम्ही आनंदाने होकार दिला. १३ एप्रिलच्या रात्री माळा लागल्या, बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची प्रतिमा उजळून निघाली, सर्वांनी त्या मुलाची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळवाची सर आली. मांडवाच्या लोखंडी पाइपाला वायर बांधताना ती एका जागी सोलली गेली होती. खुर्च्या आत घेणाऱ्या एका स्वयंसेवकाने अनवाणी पायांनी तो पाइप धरला आणि त्याचा हात सुटेना. एका निवृत्त गिरणी कामगाराने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून पोरगा वाचला. तळहातावरचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे जण वायरिंग करणाऱ्या मुलावर तुटून पडले. त्याने पुढे चार महिने विहारात पाऊल टाकले नाही. खरे पाहता दोष त्याचा कमी आणि आमचा अधिक होता. त्याला हे काम कोणी रीतसर शिकवले नव्हते, आणि झालेले काम तपासायला आम्ही कोणाला बोलावले नव्हते. माळा लागल्या, एवढ्यावरच आमचे समाधान झाले होते.

विजेच्या कामाची गोम इथेच आहे. सुताराचे दार वाकडे बसले तर ते डोळ्यांना दिसते, गवंड्याची भिंत पाझरली तर ओल दिसते. वायरिंगमधली चूक मात्र बल्ब लागल्यावर झाकली जाते. साधे उदाहरण घ्या. बटण फेजच्या वायरीवर बसवायचे असते. ते चुकून न्यूट्रलवर बसवले तरी बल्ब लागतो आणि विझतोही. पण विझल्यानंतरही होल्डरमध्ये फेज जिवंतच असतो. बटण बंद आहे या भरवशावर स्टुलावर चढून होल्डरला हात लावणारा माणूस फसतो.

याहून फसवा प्रकार तीन पिनांच्या सॉकेटचा. जुन्या खोल्यांतून अर्थिंगची वायरच ओढलेली नसते. मग फ्रिज घेतल्यावर कोणीतरी 'जाणकार' सॉकेटातल्या वरच्या मोठ्या भोकाला मागच्या बाजूने न्यूट्रलचा तुकडा जोडून देतो. टेस्ट लॅम्प लावला की पेटतो, घरमालक खूश! परंतु उद्या न्यूट्रलची वायर मागे कुठे तुटली किंवा सैल झाली, तर फ्रिजच्या आतून फिरून आलेला फेज त्याच तुकड्यावाटे फ्रिजच्या पत्र्यावर येतो. ज्या जोडणीने माणूस वाचायचा, तीच त्याच्या जिवावर उठते. अर्थिंग नसलेला फ्रिजही धोक्याचाच, पण असा जोड दिलेला फ्रिज त्याहून वाईट, कारण तिथे निष्काळजीपणाला खात्रीचा मुखवटा चढलेला असतो.

आमच्या मांडवात एम.सी.बी. होता. तो का पडला नाही, असे पुष्कळांनी विचारले. हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन समजून घ्यावे. एम.सी.बी. वायरीच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. १६ अँपिअरचा एम.सी.बी. म्हणजे १६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह त्याला रास्तच वाटतो. माणसाच्या अंगातून सुमारे १ मिलिअँपिअर गेला तर मुंग्या येतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर प्रवाह काही वेळ वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. घरातला दाब २३० व्होल्ट. ओले अंग व अनवाणी पाय असले की एवढा प्रवाह सहज वाहतो. माणूस जाईल, पण एम.सी.बी.च्या हिशेबी काही घडलेच नाही! माणसासाठी वेगळे साधन आहे, ते आर.सी.सी.बी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत येतो की नाही, हे ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की क्षणार्धात पुरवठा तोडते. आमच्याकडे ते नव्हते. ठेकेदाराच्या यादीत मात्र होते, आणि तीच ओळ आम्ही खर्च वाचवण्यासाठी खोडली होती.

आगीचे कारण याहून सरळ आहे. वायरीतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. लाइटच्या बारीक वायरीवर तो जोडला, त्याच बोर्डावर इस्त्रीही लावली, आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळली, की भिंतीच्या आत वायर तापू लागते. पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळलेला सैल जोडही असाच तापतो. हे वर्षानुवर्षे चालते आणि कोणाला कळत नाही.

परवानाधारक माणूस या न दिसणाऱ्या गोष्टी मोजून पाहतो. मेगर नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरीचे आवरण शाबूत आहे की नाही हे कळते. अर्थिंगचा रोध मोजता येतो. तपासणीची ही सवय शिक्षणाने लागते. हाताच्या चपळाईचा आणि तिचा संबंध थोडाच.

कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमानुसार जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यायचे होते. ते नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे व त्यानंतर २०२३ चे विनियम आले, तरी हे तत्त्व कायम आहे. घरच्या माणसाला सर्वच मनाई आहे असे मात्र नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू, जोडणीची क्षमता व स्वरूप न बदलता, जशाच्या तशा बदलायला त्या नियमातही मोकळीक होती. तेवढे काम प्रत्येकाला, विशेषतः घरातील स्त्रियांना व मुलींना, यायलाच हवे असे आमचे मत आहे. मेन स्विच कुठे आहे हे घरातील एकट्या पुरुषालाच ठाऊक असणे, हेसुद्धा एक अज्ञानच होय. हल्ली घरोघरी इन्व्हर्टर आले आहेत. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या वायरी जिवंत राहतात, हेही सर्वांना सांगून ठेवावे.

एक जुगाड मात्र कोणीही, कधीही करू नये. वीज गेली की भाड्याचा जनरेटर आणायचा आणि दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरीने घरातल्याच सॉकेटातून सगळ्या घराला वीज द्यायची, असा हा प्रकार आहे. मेन स्विच पाडायचा राहिला तर ती वीज उलटी खांबावर जाते. रोहित्रातून मागे गेली तर २३० व्होल्टचे ११,००० व्होल्टच्या लाइनवर रूपांतर होते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन मरू शकतो. बहुधा तो आपल्यासारख्याच एखाद्या वस्तीतला कोणाचा तरी मुलगा असतो.

आता परवान्याविषयी मनात येणाऱ्या शंकेकडे वळू. परवाना, संघटना, प्रमाणपत्र ही सगळी दारे आहेत, आणि दारे कोणासाठी बंद झाली हे आपला समाज जाणतो. आमच्या मांडवातला मेन स्विच पाडणारे ते गिरणी कामगार आपल्या वडिलांची हकीकत सांगत. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, असे कारण दिले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. कारागिरी हातात असूनही दार बंद, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

परदेशातही असे घडले आहे. अमेरिकेत वीज कामगारांची युनियन १८९१ साली सेंट लुईस येथे स्थापन झाली. त्या काळी लाइनमनचे काम म्हणजे मरणाशी गाठ होती. युनियनचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर हे स्वतः १८९६ मध्ये वीजवाहिनीवर काम करताना झटका बसून, खाली पडून मरण पावले. या युनियनने ठेकेदारांच्या संघटनेबरोबर मिळून शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाची पद्धत उभी केली. तिथला घरांचा व इमारतींचा वायरमन सुमारे पाच वर्षे, सुमारे ८,००० तास हाताखाली काम करून मगच तयार समजला जातो. युनियनच्या माणसाची मजुरी परवडत नाही, मी माझ्या घराचे वायरिंग स्वतः करीन, असे म्हणणारे तिथेही पुष्कळ आहेत. अनेक ठिकाणी तशी मुभाही आहे. मात्र आधी परवानगी घ्यावी लागते आणि निरीक्षकाने काम पाहिल्याशिवाय ते मान्य होत नाही. परंतु त्याच देशात इमारत बांधकामाच्या धंद्यांतील अनेक युनियनांनी कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडचा वायरमनचा परवाना जात विचारीत नाही; शिक्षण व परीक्षा विचारतो. म्हणून तो आपल्या मुलांनी घेतलाच पाहिजे असे आम्हांला वाटते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या वेळी वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता, आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. त्या विजेवर आपल्या मुलांनी हेल्पर म्हणून शिडी धरून आयुष्य काढावे, हे काही बरे नव्हे.

आपल्या वस्त्यांतून उत्तम हात असलेली पुष्कळ मुले आहेत. ती ठेकेदाराच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबतात. काम ती करतात, टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची. काही ठेकेदार जागेवर न येताच सही देतात व तिचे पैसे घेतात, हेही आम्ही पाहिले आहे. अशी विकतची सही ही परवान्याची विटंबना होय. ती घेणारा घरमालकही त्यात भागीदार असतो. अपघात झाला की कागदावर नाव नसलेल्या मुलाला भरपाई मागतानाही अडचण येते आणि दोष मात्र त्याच्याच माथी मारला जातो. वीज कंपन्यांतील कामगारांच्या युनियना आहेत; घरोघरी वायरिंग करणारा मात्र एकटा आहे.

यासाठी मार्ग आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व तारतंत्री असे दोन व्यवसाय शिकवतात, दोन्ही दोन वर्षांचे. वीजतंत्रीसाठी दहावी लागते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली त्यानंतर कंपन्यांत विद्यावेतनावर काम शिकता येते. प्रमाणपत्राच्या आधारे परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्जाची व शुल्काची माहिती विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात मिळते. दहावीच्या निकालानंतर आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत प्रवेश अर्ज भरून देण्यास आम्ही बसतो, तेव्हा पालकांनी मुलांना घेऊन यावे. मुलींनीही यावे, या दोन्ही व्यवसायांत मुलींना प्रवेश आहे.

जयंतीच्या त्या मुलाविषयी लिहायचे राहिले. चार महिन्यांनी आम्हीच त्याच्या घरी गेलो. पुढच्या वर्षी त्याने तारतंत्रीला प्रवेश घेतला, यथावकाश परवानाही काढला. आता जयंतीची रोषणाई एका परवानाधारक ठेकेदारामार्फत तोच करतो. खांबावर आकडा टाकू देत नाही. तात्पुरत्या जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज करायला लावतो. गेल्या वर्षी पाहुणे येऊन बसले, वक्ते व्यासपीठावर आले, आणि याने मेगर लावून सांगितले की एका माळेचे आवरण गेलेले आहे, ती काढल्याशिवाय चालू करणार नाही. आमच्यातल्याच काहींनी त्याला घाई केली. तो ऐकेना. रात्री साडेआठपर्यंत आम्ही सर्व जण मेणबत्त्यांच्या उजेडात बसून होतो.