मुद्देमालाच्या पाकिटापासून

जून 2006 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत 53-अ आणि 164-अ ही कलमं लागू झाली. बलात्काराच्या गुन्ह्यात आरोपीची आणि पीडितेची वैद्यकीय तपासणी कशी व्हावी, डीएनएसाठी नमुने कसे घ्यावेत, हे कायद्यात इतकं स्पष्ट प्रथमच लिहिलं गेलं. त्याच वर्षी मी विद्यापीठात न्यायसहायक जीवशास्त्र शिकवायला लागले. नोकरी सरकारी प्रयोगशाळेच्या जीवशास्त्र विभागात आणि शनिवारी विद्यापीठात तासिका तत्त्वावर तास, असा क्रम भारतीय नागरिक सुरक्षा संहिता येईपर्यंत, म्हणजे जुलै 2024 पर्यंत, चालला.

सुरुवातीचा अभ्यासक्रम बराचसा रक्तगटांचा होता. 1901 मध्ये लँडस्टायनरने रक्तगट शोधले आणि त्याच वर्षी उलेनहूटने माणसाचं रक्त जनावराच्या रक्तापासून वेगळं ओळखण्याची चाचणी दाखवली. प्रयोगाच्या तासाला मी पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे वाटायचे. एकावर रक्ताचा डाग, एकावर पानाची पिचकारी, एकावर मुळ्याचा रस, एकावर गंजाचं पाणी. फिनॉल्फथॅलिनच्या चाचणीत रक्ताचा डाग गुलाबी रंग देतो. पण मुळ्याच्या रसातही पेरॉक्सिडेज असतं, तोही रंग दाखवू शकतो. म्हणून मग ताकायामाचं द्रावण टाकून काचपट्टी हलकेच गरम करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे गुलाबी स्फटिक शोधायचे. स्फटिक दिसले की रक्त आहे एवढं पक्कं होतं. ते माणसाचं की कोंबडीचं, हे अजून ठरायचंच असतं. माणसाचं ठरलं आणि गट ‘बी’ निघाला, तरी आपल्याकडे साधारण दर तिघांत एकाचा गट बी असतो.

“मॅडम, मग एवढं करून हाती काय लागलं?” हा प्रश्न बहुतेक दरवर्षी यायचा, आणि माझ्या दृष्टीने विषयाला खरी सुरुवात तिथे व्हायची. चाचणीने जेवढं सांगितलं तेवढंच अहवालात लिहायचं. ‘चाकूवर मानवी रक्त, गट बी’ असं लिहिता येतं. ‘चाकूवर मयताचं रक्त’ असं लिहिता येत नाही. पानाच्या पिचकारीचंही तसंच. ते रक्त नाही म्हणून टाकून द्यायचं नाही, त्यात थुंकी आहे आणि थुंकीतून डीएनए मिळू शकतो.

डीएनए शिकवताना मी यंत्राच्या आधी इंग्लंडमधल्या लेस्टरची हकिगत सांगायचे. अलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये तिथल्या विद्यापीठात डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावला. जवळच्याच गावांत 1983 आणि 1986 मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका तरुणाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. डीएनएने दाखवलं की दोन्ही खुनांतला माणूस एकच आहे आणि तो हा तरुण नव्हे. खरा गुन्हेगार 1988 मध्ये दोषी ठरला. या शास्त्राने आधी निरपराध माणूस सोडवला, हे विद्यार्थ्यांनी कायम लक्षात ठेवावं असं मला वाटायचं. भारतात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग यांनी हे तंत्र उभं केलं आणि न्यायालयापर्यंत नेलं. पुढे एसटीआर ही डीएनए तपासणीची पद्धत आली, किट्स आली. ज्या डागावर पूर्वी फक्त गट सांगून थांबावं लागायचं, तिथून आता व्यक्तीपर्यंत पोचता येऊ लागलं. अभ्यासक्रमातला रक्तगटांचा भाग आक्रसत गेला. तो पुरता काढून टाकायला माझा विरोध होता आणि आजही आहे, कारण संयम शिकवायला त्यासारखं साधन नाही.

मुलांचा सर्वांत आवडता प्रयोग डायटमचा. आपल्याकडे विहिरीत, नदीत मृतदेह सापडतात आणि बुडून मृत्यू झाला की आधी मारून पाण्यात टाकलं, हा प्रश्न उभा राहतो. माणूस बुडताना पाण्यातले डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवालं, फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडाच्या मगजात जाऊ शकतात. हृदय थांबल्यावर ते तिथवर पोचत नाहीत. हाडातला मगज नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला की बाकी सगळं विरघळतं, डायटमचं सिलिकाचं कवच शिल्लक राहतं. मुलं आपापल्या गावच्या विहिरीचं, ओढ्याचं पाणी बाटलीत आणायची. कुठे होडीच्या आकाराचे, कुठे गोल, नक्षीदार. दोन विहिरींच्या पाण्यातले डायटम वेगळे दिसले की वर्ग सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा व्हायचा. आणि इथेही तेच बजावायचं: डायटम सापडले नाहीत, एवढ्यावरून तो बुडून मेला नाही असं म्हणता येत नाही.

सर्वांत जास्त तास मात्र मी पाकिटावर घालवले. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आले की दोन-चार दिवसांत बुरशी धरते, जिवाणू वाढतात, डीएनए खराब होतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. कपडे सावलीत वाळवून, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात, लाखेचं सील, सीलचा नमुना सोबत, आणि मुद्देमाल कोणाच्या ताब्यात किती दिवस होता याची नोंद. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाणे जिल्ह्यातल्या 2010 च्या एका प्रकरणात फाशीची शिक्षा रद्द करून आरोपीला निर्दोष सोडलं. लहान मुलीवरच्या अत्याचाराचं आणि खुनाचं ते प्रकरण. डीएनए अहवाल होता, पण नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेल्या उशिराचा खुलासा नव्हता आणि 53-अ प्रमाणे आरोपीची तपासणीही झाली नव्हती. तो निकाल मी वर्गात ओळीने वाचून घेतला. त्या दिवशी कोणी मोबाइल उघडला नाही.

आता नव्या संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. माणसं लागणार आहेत आणि ती विद्यापीठांतूनच यायची आहेत. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या कित्येकांनी मुद्देमालाचं पाकीट कधी हातात घेतलेलं नसतं, साक्षीच्या पिंजऱ्यात उलटतपासणी कशी होते हे पाहिलेलं नसतं. हे पुस्तकातून येत नाही. म्हणून प्रयोगशाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: आठवड्यातले दोन तास विद्यापीठाला द्या. आणि विद्यापीठांनी त्यांचं मानधन वर्षभर अडकवून ठेवू नये.