गाण्याचं क्रियापद

शब्दकोडं सोडवणाऱ्याला 'गाणे'चे पर्याय विचारा. तो झटकन सांगेल: गीत, गान, पद, तीन अक्षरी हवं असेल तर गायन. चौकटी भरतात. पण यांतला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला की पंचाईत होते. 'आज देवळात गाणं आहे' असं कुणी सांगितलं तर आपण सतरंजीवर दोन-तीन तास बसायच्या तयारीनं निघतो. 'आज देवळात गीत आहे' असं कोणी म्हणत नाही. 'बाईंचं गाणं' म्हणजे बाईंनी गायलेली एखादी चीज नव्हे. त्यात तालीम, घराणं, आवाजाचा लगाव, सगळंच आलं. 'बाईंचं गीत' म्हटलं तर ते बाईंनी लिहिलं असावं, असा समज होईल.

गीत, गान, गायन, गाणे ही सगळी 'गै' या एकाच संस्कृत धातूची लेकरं. हालाच्या सप्तशतीतली आणि तुकोबांच्या नावाशी जोडली गेलेली 'गाथा'सुद्धा त्यातलीच. भावंडं सख्खी, पण चुली वेगळ्या. एकोणिसाव्या शतकात पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांना संगीताला प्रतिष्ठा मिळवून द्यायची होती, तेव्हा त्यांनी यांतला 'गायन' हा शब्द निवडला. 1874 साली पुण्यात गायन समाज निघाला, 1911 साली भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला. 'गाणं समाज' काढायचं कुणाच्या मनातही आलं नसेल, कारण 'गाणं-बजावणं' या जोडशब्दाला कोठीचा वास होता आणि 'गाणारीण' हा शब्द तर नाक मुरडूनच उच्चारला जाई. 'गायिका' आली, 'गाणारीण' कोशात गेली. कला तीच राहिली, बायकाही पुष्कळदा त्याच होत्या. शब्दाला अंघोळ घातली की माणसं पवित्र होतात, ही आपली जुनी समजूत आहे.

म्हणून पर्यायांची यादी करण्यापेक्षा मला एक वेगळी खूण जास्त उपयोगी वाटते: गाण्यासोबत येणारं क्रियापद. मराठी माणूस आरती म्हणतो, भजन करतो, गोंधळ घालतो आणि मोबाइलवर गाणं लावतो. पोराला पाहुण्यांपुढे उभं केलं की आई 'गाणं म्हण' असं सांगते. 'गा' असं क्वचितच. जिथे शब्द पाठ असणं महत्त्वाचं, सूर इकडेतिकडे झाला तरी चालतो, तिथे 'म्हणणे' येतं: अभंग, श्लोक, मंगलाष्टकं, पाळणा. (मंगलाष्टकं गायला लागलेले हौशी मामा प्रत्येक लग्नात असतात, आणि सगळे अक्षता मुठीत धरून त्यांच्या थांबण्याची वाट पाहतात.) जिथे चार माणसं जमून काही घडवतात, तिथे 'करणे': भजन, कीर्तन, भारूड.

'घालणे'ची गोष्ट निराळी. गोंधळ आणि जागर घालतात, कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात. लग्नानंतर घरी गोंधळ असला की चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळावर टिपरू पडतं आणि गोंधळी एकेका देवतेला तिच्या गावाचं नाव घेऊन बोलावू लागतो: तुळजापूर, कोल्हापूर, जेजुरी. श्रोते असले काय, नसले काय, आमंत्रण त्यांना नसतंच. ते देवीचं देणं आहे आणि ते फेडायचं असतं. 'गाऱ्हाणं' आणि 'गाणं' मात्र नात्यातले नव्हेत. गाऱ्हाण्याचा उगम 'गर्हणा'त, म्हणजे दोष देण्यात सांगतात. रडगाण्याशी त्याचा सूर जुळतो, इतकंच.

ओवीचा पुरावा सगळ्यात जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ओवीला तत्त्वज्ञानाचं ओझं दिलं, त्याआधीच ती मुसळाच्या ठेक्यावर चालत होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. हातात खुंटा, समोर दुसरी बाई, आणि ओवीची लांबी ठरवायला दगडाचा फेरा. दळण संपलं की गाणं संपलं. गिरणी आली, आणि ओवीला लागणारी पहाटच गेली.

'पद' हा शब्द आज आपण नाटकापुरता ठेवला आहे. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ छापलेली दिसते: राग अमुक, ताल तमुक, किंवा नुसतं 'चाल' आणि पुढे एखाद्या आधीच्या पदाचे दोन-तीन शब्द. ते आधीचं पद वाचकाला येतं, हे गृहीतच. 1880 साली 'शाकुंतल' आणि 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणताना अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या साकी-दिंडीच्या, लावणीच्या चाली मोकळेपणानं घेतल्या. चोरीचा प्रश्नच नव्हता, कारण चाल सगळ्यांची होती. याच साक्या आणि दिंड्या तंजावरच्या मराठी कीर्तनकारांमार्फत तमिळ हरिकथेतही गेल्या आणि तिथे त्याच नावांनी राहिल्या.

आणि मग 'लावणे'. चाल लावतात, सूर लावतात. पण 'गाणं लाव' हे यंत्रानंतरचं. ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्गनं 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणं केली आणि गाण्याला तबकडीची लांबी मिळाली, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाईंची कीर्ती मैफलीतल्या विलंबित ख्यालावर उभी होती. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली ती मात्र त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. मराठी कवितेला हे माप मानवलं. ना. घ. देशपांड्यांची कविता जी. एन. जोशींनी तबकडीवर गायली आणि 'भावगीत' घरोघर पोचलं. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांचं 'गीतरामायण' सुरू झालं, 56 गीतांचं. त्याला 'पदरामायण' म्हटलं असतं तर ते कीर्तनकाराचं वाटलं असतं, 'गाणंरामायण' तर कानाला सोसलंच नसतं. रेडिओच्या निवेदकानं 'गीत' असं म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं 'काय गाणं आहे!' असं म्हणायचं, ही वाटणी तेव्हापासून पक्की आहे.

या सगळ्या वाटण्या मोडायचा प्रयत्न फक्त सहलीच्या बसमध्ये होतो. अंताक्षरीत शेवटचं अक्षर सोडलं तर कशालाच किंमत नसते. लावणीपाठोपाठ अभंग आणि त्यावर सिनेमातलं द्वंद्वगीत बिनदिक्कत येतं. तरी 'स'वर अडकलेल्या मागच्या बाकावरच्या काकूंनी हळूच आरती सुरू केली की पुढचे सगळे माना वळवून ओरडतात: आरती चालणार नाही, गाणं म्हणा!