पॅनलमधला वीजपुरवठा किती अँपिअरचा?

डहाणूच्या औष्णिक केंद्रात 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. तलासरी-डहाणूच्या कारखान्यांतल्या कंट्रोल पॅनलला मात्र 24 व्होल्टचे मोजके अँपिअर पुरतात. तेच कमी पडले, तर सगळी मशीन थांबते.

या पॅनलमधला पीएलसी म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक. गरजेप्रमाणे त्याला इनपुट-आउटपुटची कार्डे जोडत जायची. प्रत्येक कार्ड किती करंट घेते, ते त्याच्या माहितीपत्रकात छापलेले असते. त्याची बेरीज करायला कंटाळू नये.

समजा, फुगे बनवणारी मशीन आहे (डहाणूचा हा जुना उद्योग). पीएलसीचा सीपीयू 0.8 अँपिअर, सहा कार्डे मिळून 0.9, स्क्रीन 0.5 : झाले 2.2. मग दहा वॅटचे आठ सोलेनॉइड व्हॉल्व्ह, प्रत्येकी साधारण 0.4, म्हणजे आणखी 3.2. एकूण 5.4. इथे पाच अँपिअरचा पुरवठा सुरुवातीला चालेलही, पण आठही व्हॉल्व्ह एकदम उघडले की व्होल्टेज खाली येते आणि सीपीयू बंद पडतो. बिघाड अधूनमधून येतो, म्हणून सापडत नाही.

माझ्या मते व्हॉल्व्हसाठी पुरवठा वेगळाच ठेवावा. एखाद्या व्हॉल्व्हच्या कॉइलमध्ये शॉर्ट झाला तरी सीपीयू जागा राहतो. बेरजेवर निदान पंचवीस टक्के राखून ठेवावेत. पुढे कार्ड वाढतेच.

उष्णतेचाही हिशेब हवा. एखाद्या ओव्हनशेजारच्या बंद पॅनलमध्ये तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढते आणि बऱ्याच पुरवठ्यांची क्षमता 50 ते 60 अंशांपुढे घटते. नेमका आकडा माहितीपत्रकातल्या आलेखात मिळतो.